कोपर

आठ वाजता अंगणात मी एकटी.
उजेड मात्र पहाटे तीनपासूनच जागा.
उपसागरापलीकडच्या डोंगरांवर
बर्फाची ठिगळं अजून उसवायची आहेत.
मे संपत आला. हूसाविकमध्ये यालाच उन्हाळा म्हणतात
आणि कोणी वाद घालत नाही.

दोन टब. एक जुनी पन्हळ,
सुतार हाल्डोरने स्वतःच्या छपरावरून उतरवून दिलेली.
तिला टेकू म्हणून मासळीचे निळे क्रेट, एकावर एक.
उतार पुरेसा आहे का, ते मी गोटी सोडून बघते.
गोटी रेंगाळली की आणखी एक फळी.
मग ओगराळी, गाळणी, बिनझाकणाची किटली,
आणि एक खवणी. कशासाठी कोण जाणे,
गेल्या वर्षी कौरी तासभर तिच्यातून पाणी गाळत बसला होता.

गरम तोटीला इथे जमिनीच्या पोटातला वास येतो,
उकडून नुकत्याच सोललेल्या अंड्याचा.
पाहुणे नाक धरतात.
आम्हाला तो आला की घरी आल्यासारखं वाटतं.

एकतीस वर्षं मी मासे गोठवायच्या कारखान्यात कॉड साफ केला.
रबरी हातमोजे, आत लोकरीचे,
तरी थंडी बोटांत शिरली
आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिली.
दहापैकी सहा बोटांना आता कढत काय, गार काय,
दुसऱ्या गावची बातमी.
कारखाना बंद पडला तेव्हा बालवाडीत जागा होती.
अर्जात विचारलं होतं, लहान मुलांचा अनुभव?
मी लिहिलं, चार. एक जुळं.
आजच्या तासाचं नाव फळ्यावर आहे: स्पर्शातून ओळख.
ते वाचून मी एकटीच हसते,
बाही वर सारते
आणि टबाचं पाणी कोपराने बघते.

नऊला दार उघडतं
आणि माझी सगळी मांडणी पाण्यात जाते.
थोर्कात्ला पन्हळीकडे ढुंकूनही बघत नाही.
तोटी गळते तिथे, दोन विटांएवढ्या चिखलात,
ती आणि कौरी एका गांडुळासाठी घर बांधायला घेतात.
ओर्वार किटलीने क्रेटलाच आंघोळ घालतो, कानामागे चोळून, जणू त्याला कान आहेत.
खवणीला आज कोणी विचारत नाही.

बोग्ना भिंतीला पाठ लावून.
पोलंडहून आलेली, चार वर्षांची, बाप ट्रॉलरवर.
हाताला थेंब लागला तरी ती हात वर धरते, पोळल्यासारखा,
आणि कागदाने टिपल्याशिवाय खाली आणत नाही.
"ये ना" म्हणू नये, असं आम्हाला शिकवलंय.
जवळ एक सुकं भांडं ठेवावं, पाठ फिरवावी.
मी सुकं भांडं ठेवते. पाठ फिरवते.
पाठीला डोळे फुटतात.

टब निवत आला. मी पुन्हा कढत ओतते,
कोपर बुडवते,
आणि शेजारी कोणीतरी उभं आहे.

"च्येप्वा?"

हा शब्द मला येतो.
कारखान्यात अर्ध्या बायका तिच्या मुलखातल्या,
आणि बर्फाच्या पाण्यापाशी उभं राहून
माणूस परक्या भाषेतला पहिला शब्द शिकतो तो हाच: गरम.
"च्येप्वा," मी म्हणते. "तूच बघ."

ती मूठ छातीशी घट्ट धरते,
जाकिटाची बाही दातांनी ओढते
आणि कोपर, नुसतं कोपर,
कॉफीत टोस्ट बुडवावा इतकंच.
काढते. बघते. पुन्हा.
आम्ही दोघी वाकून उभ्या,
बोलण्यासारखं काही नाही.
पाणी खरंच कोमट होतं.
तिचं कोपर गार होतं, ते माझ्याला लागलं तेव्हा कळलं.

साडेअकराला टब पालथे करायचे.
वाटीभर पाणीसुद्धा मागे ठेवायचं नाही, हा नियम,
कारण लहान मूल तेवढ्यातही बुडतं.
एक कड मी धरली.
दुसरी तिने धरली, असं लिहायला आवडलं असतं.
ती केव्हाच आत गेली होती, बाहीला कागद लावत.
मी एकटीने टब कलता केला,
पाणी उताराने धावलं, पन्हळीखालून, क्रेटला वळसा घालून,
आणि खिडकीतून कौरी किंचाळला,
"स्वानहिल्दुर, थांब! तिकडे आमचं माणूस झोपलंय!"